नसलेल्या माणसांची खानेसुमारी

कोणतीही संगणकप्रणाली लोकांच्या हाती जाण्याआधी ती खोट्या माणसांवर चालवून पाहिली जाते. बँकेचे खाते असो, रेल्वेचे आरक्षण असो, शाळेचा दाखला असो की रुग्णालयातला केसपेपर, या प्रत्येकामागे तक्त्यांची एक मोठी वही असते आणि आरंभी ती कोरी असते. कोऱ्या वहीवर काहीच तपासता येत नाही. शोध बरोबर लागतो का, बेरीज जुळते का, दहा लाख नोंदी झाल्यावर यंत्र दमते का, हे कळायचे तर नोंदी हव्यात. म्हणून कोणीतरी बसून त्या वहीत हजारो, कधी लाखो ओळी भरतो. नसलेल्या माणसांची नावे, न जन्मलेल्यांच्या जन्मतारखा, कधीच न झालेले व्यवहार. आमच्या व्यवसायात याला ‘टेस्ट डेटा भरणे’ म्हणतात आणि हे काम बहुधा कचेरीतल्या सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते.

गेली कित्येक वर्षे मी हे काम करते आणि शिकवतेही. ते क्षुल्लक मानले जाते, पण उद्या ती प्रणाली कोणाला ओळखेल आणि कोणाला ‘अवैध नोंद’ म्हणून परत पाठवेल, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी मी एक साधे उदाहरण घेते. एखाद्या तालुक्याच्या गावचे सार्वजनिक वाचनालय. वीस हजार पुस्तके, हजारभर सभासद आणि तीन वर्षांतली लाखभर देवघेव. एवढे सगळे आपल्याला कल्पनेने भरायचे आहे.

नात्यांची वही

आज बहुतेक कारभार ज्या पद्धतीच्या वहीत चालतो तिची कल्पना एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्यायची आणि एका तक्त्यातून दुसऱ्याकडे बोट दाखवायचे ते त्या ओळखीच्याच आधारे. हीच रिलेशनल डेटाबेसची मूळ कल्पना. आपल्या वाचनालयात ‘सभासद’ हा एक तक्ता, ‘पुस्तके’ हा दुसरा, एकेका पुस्तकाच्या ‘प्रती’ हा तिसरा आणि ‘देवघेव’ हा चौथा. देवघेवीच्या ओळीत सभासदाचे नाव लिहिलेले नसते. असतो तो फक्त त्याचा क्रमांक. तो क्रमांक सभासदांच्या तक्त्यात असलाच पाहिजे, हा नियम म्हणजे ‘फॉरेन की’.

या एका नियमामुळे खोटी माहिती भरण्याला क्रम येतो. आधी सभासद आणि पुस्तके, मग प्रती, मग देवघेव. आई-बापांच्या आधी लेकरे जन्माला येऊ शकत नाहीत. देवघेवीत सभासद क्रमांक म्हणून कोणताही आकडा टाकून चालत नाही. अस्तित्वात असलेल्यांपैकीच एक उचलावा लागतो. कधी दोन तक्ते एकमेकांकडे बोट दाखवतात. प्रत्येक शाखेला एक ग्रंथपाल हवा आणि प्रत्येक ग्रंथपालाला एक शाखा. तिथे एक रकाना आधी रिकामा ठेवून नंतर भरावा लागतो. इथवरचा भाग यंत्रवत आहे आणि नियम मोडला तर डेटाबेसच ओळ नाकारतो. खरी अडचण डेटाबेसला न कळणाऱ्या नियमांची आहे. त्याकडे वळण्याआधी ‘कोणताही एक उचलणे’ म्हणजे काय ते पाहू.

यदृच्छा कुठून आणायची

यदृच्छेने आकडा निवडणे माणसाला जमत नाही. ‘मनात येईल तो’ आकडा सांगायला लावले तर लोक ठरावीक आकड्यांकडेच वळतात. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक आकड्यांचे छापील तक्तेच तयार केले. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ साली इंग्लंडमध्ये असे ४१,६०० अंक प्रसिद्ध केले आणि ते त्यांनी घेतले होते खानेसुमारीच्या अहवालांतून. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली ती १९३१ साली, आणि नमुना पाहणीच्या त्यांच्या कामात अशा तक्त्यांना मोठे महत्त्व होते. पुढे अमेरिकेतल्या रँड संस्थेने विद्युतयंत्रावर काढलेल्या दहा लाख अंकांचे पुस्तकच १९५५ साली छापले. टिपेट यांनी खऱ्या माणसांच्या मोजणीतून यदृच्छा काढली. आम्ही यदृच्छेतून माणसे काढतो. उलट्या दिशेची खानेसुमारीच ही.

संगणकाला पुस्तक उघडून बसायला वेळ नाही. तो आकडे गणिताने बनवतो. डेरिक लेमर यांनी १९४९ साली सुचवलेल्या रीतीवरून निघालेली एक पद्धत कागदावर करून पाहण्याजोगी आहे. हातात एक आकडा घ्या, त्याला ५ने गुणा, ३ मिळवा, १६ने भागून बाकी ठेवा. ती बाकी हाच पुढचा आकडा. ७पासून सुरुवात केली तर ६, १, ८, ११, १०, ५, १२ असे आकडे येतात. सोळा पावलांनंतर पुन्हा ७ येतो आणि तीच माळ पुन्हा सुरू होते. सुरुवातीच्या आकड्याला ‘बीज’ म्हणतात. बीज तेच तर माळही तीच.

म्हणजे ही खरी यदृच्छा नव्हे, तिचे सोंग आहे. आणि सोंगाला खोटी दाढी असतेच. वरची माळ पुन्हा पाहा: विषम, सम, विषम, सम. समजा प्रत्येक सभासदासाठी आपण दोन आकडे घेतले, पहिला वयासाठी आणि दुसरा स्त्री की पुरुष हे ठरवायला, सम तर स्त्री, विषम तर पुरुष. ७पासून सुरुवात केल्यास वयाच्या वाट्याला सगळे विषम आकडे येतील आणि वाचनालयात एकही पुरुष नसेल. हे केवळ खेळण्यातले उदाहरण नाही. १९६०च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर ‘रँडू’ नावाची अशीच एक पद्धत जगभर वापरात होती. तिचे सलग तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात ठिपके मांडले की ते सगळीकडे विखुरण्याऐवजी केवळ १५ समांतर प्रतलांवर बसतात. अशा रीतींत हा प्रतलांचा दोष असतोच, हे जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखवले. आज सर्रास वापरला जाणारा ‘मर्सेन ट्विस्टर’ हा जपानी गणितज्ञ माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांचा १९९८ सालचा. त्याची माळ पुन्हा सुरू व्हायला इतके आकडे लागतात की त्या संख्येतच सहा हजारांवर अंक आहेत.

सोंगाचा एक मोठा फायदाही आहे. तपासणीत दोष सापडला तर तेच बीज देऊन तीच खोटी माणसे, त्याच क्रमाने, पुन्हा उभी करता येतात. खऱ्या यदृच्छेने हे शक्य नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की बीज नेहमी तपासणीच्या अहवालात लिहून ठेवा. न लिहिलेले बीज म्हणजे साक्षीदार सोडून देणे.

ओळी नव्हे, घटना

आता डेटाबेसला न कळणारे नियम. देवघेवीच्या ओळीत दोन तारखा असतात, पुस्तक नेल्याची आणि परत आणल्याची. दोन्ही स्वतंत्रपणे यदृच्छेने निवडल्या तर निम्म्या ओळींत पुस्तक नेण्याआधीच परत येईल. उपाय सोपा आहे. नेल्याची तारीख निवडायची आणि तिच्यात काही दिवस मिळवायचे. सभासद होण्याआधी त्याने पुस्तक नेता कामा नये, म्हणून नेल्याची तारीखही सभासदत्वाच्या तारखेनंतरची हवी.

पुढचा नियम अधिक खोल आहे. एकच प्रत एकाच वेळी दोघांच्या घरी असू शकत नाही. एका प्रतीच्या हजार दिवसांतल्या वीस देवघेवी घ्या, प्रत्येक दहा दिवसांची. म्हणजे प्रत एकूण दोनशे दिवस बाहेर आणि आठशे दिवस कपाटात. जागा भरपूर दिसते. तरीही वीस तारखा यदृच्छेने टाकल्या तर त्यांतल्या कोणत्याही दोन एकमेकींवर न येण्याची शक्यता दीड टक्क्याहूनही कमी आहे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव प्रती कधी ना कधी दोन घरांत एकदम सापडतील. हे गणित तेच आहे ज्यामुळे तेवीस माणसांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. जोड्यांची संख्या आपल्या अंदाजापेक्षा फार वेगाने वाढते.

नवशिका यावर उपाय करतो तो असा: आदळणारी ओळ टाकून द्यायची आणि दुसरी टाकून पाहायची. थोड्या ओळींना हे चालते. कपाट भरत आले की यंत्र नुसते टाकत आणि फेकत बसते. योग्य रीत वेगळी आहे. ओळी बनवायच्याच नाहीत, काळ चालवायचा. पहिल्या दिवशी सगळ्या प्रती कपाटात. रोज काही सभासद येतात, जे कपाटात आहे त्यातले काही नेतात, काही परत आणतात, एखादा कायमचा गाव सोडून जातो. त्यांच्या येण्या-जाण्यातून देवघेवीच्या ओळी आपोआप पडतात आणि त्यांत कोणताही नियम मोडलेला नसतो, कारण नियम घडणाऱ्या गोष्टींतच होता. यदृच्छा ओळींना द्यायची नसते, ती घटनांना द्यायची असते. हे एकदा कळले की या कामातले निम्मे प्रश्न सुटतात.

सगळे सारखे, हाच दोष

उरलेले निम्मे प्रश्न वाटणीचे. यंत्राला काही न सांगता ‘यदृच्छेने निवड’ म्हटले की ते सगळ्यांना सारखी संधी देते. जग तसे वागत नाही. वीस हजार पुस्तकांत एक लाख देवघेवी समान संधीने वाटल्या तर प्रत्येक पुस्तक सरासरी पाचदा बाहेर जाईल. एकदाही न गेलेली पुस्तके निघतील जेमतेम १३५, आणि सर्वाधिक मागणीचे पुस्तकही पंधरा-सोळा वेळांच्या पुढे जाणार नाही. ज्याने कोणत्याही गावचे वाचनालय पाहिले आहे त्याला हे वाचून हसू येईल. तिथे काही कादंबऱ्यांची पाने हातोहात फिरून सुटलेली असतात आणि कपाटेच्या कपाटे धूळ खात असतात.

म्हणून काहीजण भाषाशास्त्रात प्रसिद्ध असलेला झिफचा नियम लावतात. पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकाला जेवढी मागणी त्याच्या निम्मी दुसऱ्याला, एक तृतीयांश तिसऱ्याला. पण तोही डोळे मिटून लावता येत नाही. वीस हजार पुस्तकांवर लावला तर पहिल्याच पुस्तकाच्या वाट्याला साडेनऊ हजार देवघेवी येतात. दहा दिवसांची एक फेरी धरली तर एक प्रत हजार दिवसांत फार तर शंभर वेळा बाहेर जाईल. म्हणजे त्या एका पुस्तकाच्या पंचाण्णव प्रती हव्यात. असे वाचनालय मी पाहिलेले नाही. सूत्रापेक्षा ग्रंथपालाशी अर्धा तास बोलणे अधिक उपयोगाचे. हातोहात जाणारी किती, अधूनमधून जाणारी किती, बाकीची किती, हे तिला तोंडपाठ असते.

या असमानतेला व्यवहारात किंमत आहे. डेटाबेस एखादा प्रश्न सोडवण्याआधी आपल्याजवळच्या आकडेवारीवरून ठरवतो की सूचीतून थेट पानावर जावे की सगळी वही चाळावी. हवी ती नोंद विरळ असेल तर सूची बरी, निम्म्या वहीत तीच नोंद असेल तर चाळणे बरे. समान वाटलेल्या खोट्या माहितीवर सगळे प्रश्न एकाच चालीने सुटतात आणि अहवाल उत्तम येतो. खऱ्या गावात निम्मे सभासद एकाच पेठेतले निघतात आणि तीच प्रणाली पहिल्याच दिवशी रांगा लावते.

मोजमापाच्या प्रमाणित कसोट्या तयार करणाऱ्यांनी हे हेरले होते. टीपीसी या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेची ‘टीपीसी-सी’ कसोटी मुद्दाम असमान वाटणी वापरते आणि शेकडा एक मागणीत अस्तित्वात नसलेल्या वस्तूचा क्रमांक घालते, म्हणजे व्यवहार मध्येच रद्द करणेही तपासले जाते. तिच्यातली आडनावेही मजेची आहेत. दहा ठरावीक तुकडे आणि तीन-तीन तुकड्यांचे एक आडनाव, अशी बरोबर हजार. ‘टीपीसी-एच’ या दुसऱ्या कसोटीत दर तीन ग्राहकांपैकी एकाच्या नावावर एकही मागणी नसते. जो आला आणि काहीच न घेता गेला, त्याचीही नोंद हवी.

आणि काही असमानता तर ज्या त्या मातीतल्याच असतात. यादृच्छिक जन्मतारखा वर्षभर सारख्या पसरतात. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीची कोणतीही यादी उघडा, १ जूनला उंचवटा दिसेल. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नव्हती आणि गुरुजींनी १ जून लिहून टाकला. वाढदिवसाचे शुभेच्छासंदेश पाठवणारी प्रणाली त्या दिवशी अडखळणार की नाही, हे समान पसरलेल्या तारखा कधीच सांगणार नाहीत. उलट टोकाला २९ फेब्रुवारी. १,४६१ दिवसांत तो एकदा येतो. हजार यादृच्छिक सभासदांत तो एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. म्हणजे लीप वर्षाचा दोष सापडणे हे छापा-काट्यावर सोडल्यासारखे होते.

नाव, आडनाव आणि बाकीचे

तयार खोटी नावे पुरवणारी अनेक साधने आज फुकट मिळतात. त्यांतली नावे मुळात अमेरिकी वळणाची होती. आता भारतीय याद्याही असतात. पण यादी बदलली तरी साचा तोच राहतो: एक नाव, एक आडनाव. मराठी माणसाच्या नावात मध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आला. म्हणजे तीन रकान्यांचे चार झाले. उलट ज्याला एकच नाव आहे, आडनाव लावायचेच नाही असे ज्याने ठरवले आहे, त्याच्यासाठी रकाना रिकामा ठेवता यायला हवा.

शंभर नावे, शंभर मधली नावे, शंभर आडनावे घेऊन हजार सभासद बनवले तर दहापैकी सहा वेळा संपूर्ण नाव जुळणारे दोघे निघणारच नाहीत. खऱ्या गावात अर्धा गाव एका आडनावाचा असतो आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवलेले असते. नाव जुळले म्हणजे माणूस तोच, असे गृहीत धरणारा दोष समान वाटणीत लपून राहतो आणि गावात एकाचा दंड दुसऱ्याच्या नावावर चढवतो.

देवनागरीची स्वतःची परीक्षा आहे. ‘कुलकर्णी’ ही आपल्या डोळ्यांना चार अक्षरे. युनिकोडच्या हिशेबात ती आठ चिन्हे आणि साठवणीच्या रूढ पद्धतीत चोवीस बाइट. काही डेटाबेसांत रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजली जाते. वीस बाइटांच्या रकान्यात रोमन कुलकर्णी आरामात बसतात, मराठी कुलकर्णी बाहेर राहतात. ‘कऱ्हाडकर’ या नावातला ऱ्ह दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने शोधले तर दुसरा सापडत नाही. यादृच्छिक नावांच्या यादीत ही दोन्ही रूपे कोणी मुद्दाम घातल्याशिवाय येत नाहीत.

पत्त्याचेही तसेच. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो योजणारे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते. सहा अंकांतला पहिला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाचा जिल्हा: ४०० मुंबई, ४०३ गोवा, ४११ पुणे. वापरातले पिनकोड सुमारे १९ हजार आहेत, म्हणून यदृच्छेने टाकलेल्या सहा अंकांतले शंभरातले अठ्ठ्याण्णव अस्तित्वातच नसतात, आणि जे असतात ते शेजारच्या रकान्यातल्या गावाशी जुळत नाहीत. रकाने एकेकटे भरायचे नसतात. गाव, तालुका, पिनकोड हा एकच घास आहे.

चौदा ओळींचा धडा

इतके वाचून वाटेल की जास्त ओळी म्हणजे जास्त खात्री. मला तसे वाटत नाही. संगणकाच्या वर्गात बसलेल्या एका संपूर्ण पिढीला ओरॅकल डेटाबेसबरोबर येणारे ‘एम्प’ आणि ‘डेप्ट’ हे दोन तक्ते आठवत असतील. ते उघडण्यासाठी वापरायचे नाव स्कॉट आणि परवलीचा शब्द टायगर. स्कॉट हे ओरॅकलच्या सुरुवातीच्या काळातले कर्मचारी, टायगर ही त्यांच्या घरची मांजर. एका तक्त्यात चौदा कर्मचारी, दुसऱ्यात चार विभाग. बस्स.

पण त्या अठरा ओळी पाहा. चाळीस क्रमांकाच्या विभागात एकही कर्मचारी नाही. दोन तक्ते साध्या रीतीने जोडले की तो विभाग यादीतून गळतो आणि विद्यार्थ्याला ‘आउटर जॉइन’ का लागतो ते कळते. किंग नावाच्या अध्यक्षाला वरिष्ठ नाही, तो रकाना रिकामा. टर्नर या विक्रेत्याचे कमिशन शून्य आहे आणि इतर अनेकांच्या रकान्यात काहीच नाही. ‘शून्य मिळाले’ आणि ‘हा प्रश्नच लागू नाही’ यांतला फरक दोन ओळींत. हे चौदा जण यदृच्छेने आलेले नाहीत. कोणीतरी विचार करून त्यांना बसवले आहे.

म्हणून माझी रीत अशी. आधी हाताने लिहिलेल्या तीस-चाळीस ओळी: २९ फेब्रुवारीला जन्मलेला, एकाच नावाचा, मधले नाव नसलेली, ज्याने कधीच पुस्तक नेले नाही तो, ज्याने नेलेले कधीच परत केले नाही तो, शंभरी ओलांडलेली आजी, एकाच दिवशी नेऊन परत आणणारा अधीर वाचक. मग त्यांच्याभोवती यादृच्छिक गर्दी. गर्दी ताकद तपासते, हाताने लिहिलेल्या ओळी समज तपासतात. एकीचे काम दुसरीने होत नाही.

खऱ्या माणसांची उसनवारी

एवढा खटाटोप कशाला, खऱ्याच नोंदींची नक्कल घेऊन तपासा, असे म्हणणारे पुष्कळ असतात. मला माहीत असलेल्या एका पतसंस्थेत तेच झाले होते. नवी प्रणाली तपासण्यासाठी खऱ्या खातेदारांची नक्कल वापरली, आणि कर्ज थकल्याचे संदेश ज्यांनी कधी कर्जच घेतले नव्हते अशा वृद्धांच्या फोनवर गेले. दोन दिवस कार्यालयासमोर गर्दी होती. यंत्राच्या दृष्टीने तपासणी यशस्वी झाली होती.

नावे पुसली की काम भागते हाही भ्रम आहे. लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवले होते की पोस्टाचा पाच अंकी विभाग, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. आपल्या वाचनालयात तर हजारच सभासद. जन्मतारीख आणि पेठ कळली की माणूस कळलाच, आणि त्याच्या पुढच्या रकान्यात त्याने काय काय वाचले ते. कोणत्या आजारावरचे पुस्तक कोणी नेले, घटस्फोटाच्या कायद्यावरचे कोणी, कोणत्या राजकीय विचाराचे कोणी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आणि व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायद्याच्या आधीही, वाचकाने पुस्तक नेताना तपासणीसाठी आपली नोंद दिली नव्हती, ही साधी गोष्ट होतीच.

आणि नवल असे की खोटी माहितीही नकळत खरी होते. भारतात मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे शक्य क्रमांक ४०० कोटी. वापरात शंभर कोटींहून अधिक. यदृच्छेने बनवलेल्या दर चार ‘खोट्या’ क्रमांकांतला एक बहुधा कोणाच्या तरी खिशात वाजेल. आधारचा बारावा अंक डच गणितज्ञ फेरहूफ यांच्या रीतीने आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ती रीत पकडते. यादृच्छिक बारा अंक टाकले तर दहातले नऊ या चाळणीतच अडतात. चाळणीतून जातील असे मुद्दाम बनवले तर साधारण साठातला एक खऱ्या माणसाचा निघतो. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव १९९९ सालापासून जगभर उदाहरणांसाठी राखून ठेवले आहे. अमेरिकेत काही दूरध्वनी क्रमांकही कथा-चित्रपटांसाठी राखीव आहेत. आपल्याकडे तपासणीसाठी असे राखीव मोबाइल क्रमांक सर्वांना ठाऊक होतील असे जाहीर झाले तर फार बरे होईल. तोवर माझा नियम एकच: खोटी माणसे ज्या यंत्रात राहतात त्या यंत्राची तार बाहेरच्या जगाला जोडलेली नसावी.

संगणकाच्या खिडकीसमोर ‘तुमचे नाव प्रणाली घेत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की तपासणीच्या वेळी भरलेल्या लाखो माणसांत तुमच्यासारखा एकही नव्हता. तो एक ओळ लिहून घालता आला असता. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही, महागडे साधन लागत नाही. वही भरायला बसलेल्या त्या नव्या मुलाने किंवा मुलीने अर्धा तास थांबून आपल्या गावातली माणसे एकेक करून आठवायला हवी होती, आणि तेवढा अर्धा तास त्यांना कोणीतरी द्यायला हवा होता.